प्रतिमानाआधीच ठरणारा निष्कर्ष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती नोंदवली गेली. देशभरातील संशोधक ही विदा वापरून कुपोषणाची आणि रक्तक्षयाची कारणे शोधतात. चर्चा होते ती सांख्यिकी प्रतिमानाची. निष्कर्ष मात्र पुष्कळदा त्याआधीच, चल तयार करताना ठरून गेलेला असतो.

या विदेत राज्ये अंकांनी दर्शवली आहेत : बिहार १०, महाराष्ट्र २७, केरळ ३२. हे अंक म्हणजे केवळ नावे. ‘आर’ या संगणकभाषेला तसे सांगितले नाही, तर ती त्यांना मोजमाप समजते आणि बिहारपासून केरळपर्यंत एक सरळ रेषा ओढते. चुकीची सूचना येत नाही. अर्थहीन उत्तर नीटनेटक्या तक्त्यात हाती पडते. राज्य हा चल ‘फॅक्टर’ केला, की प्रत्येक राज्याला स्वतंत्र स्थान मिळते. पण तुलनेचा आधार संशोधकाने निवडला नाही, तर क्रमाने पहिले येणारे राज्यच आधार ठरते.

याहून घातक प्रकार मुलांच्या उंचीचा. वयानुसार उंचीचा प्रमाणित गुण शंभरपट करून साठवलेला असतो. उणे २०० म्हणजे उणे दोन प्रमाण विचलन, खुरटलेपणाची सीमारेषा. नोंद अविश्वसनीय ठरल्यास तेथे ९९९८ यासारखा संकेतांक असतो. समजा, ९९ मुलांची सरासरी उणे १.५ आहे आणि शंभराव्या मुलापुढील ९९९८ तसाच राहिला. सगळे गुण शंभराने भागल्यावर सरासरी सुमारे उणे ०.४९ येते. एका दुर्लक्षित संकेतांकाने कुपोषण कागदावरून जवळजवळ पुसले जाते.

संकेतांकाच्या जागी ‘माहिती नाही’ असे नोंदवले, तरी जबाबदारी संपत नाही. ‘आर’मधील रेषीय प्रतिमान अशा नोंदी आपोआप वगळते. ज्या मुलांचे मोजमाप मिळाले नाही, ती इतरांसारखीच असतील, हे गृहीतक मग कोणी न तपासताच मान्य होऊन बसते.

म्हणून शोधनिबंधासोबत चल तयार करण्याची आज्ञावलीही प्रसिद्ध करणे बंधनकारक व्हावे. त्यात वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याशिवाय निष्कर्ष पडताळणार कसा? विद्यार्थ्यांनाही प्रतिमानांची सूत्रे शिकवण्यापूर्वी सर्वेक्षणाची संकेतपुस्तिका वाचायला शिकवावी. पोषणाची धोरणे ज्या आकड्यांवर आखली जातात, त्या प्रत्येक आकड्यामागे एक मूल उभे असते.