भरदुपारचे पिशाच : मूक भयपटांच्या प्रतींविषयी

लेखाच्या आरंभीच एक कबुली देणे आवश्यक आहे. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. २००९ च्या सुमारास ‘साहित्यकृतीचे माध्यमांतर’ हा घटक शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा जर्मन मूकपट दाखवला. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलेली पन्नास रुपयांची तबकडी होती. चित्र धुरकट, माणसांची चाल तुरुतुरु, आणि पार्श्वसंगीत म्हणून कुठल्यातरी ऑर्गनचा अखंड सूर. काउंट ओरलॉक आपली शवपेटी काखोटीला मारून शहरातल्या रस्त्यावरून चालू लागला तेव्हा वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “सर, भूत भरदुपारी फिरतंय!”

हशा ओसरल्यावर आम्ही विवेचन केले. अभिव्यक्तिवादी कलेला वास्तवाचे नियम मान्य नसतात. प्रकाशातले भय हे अंधारातल्या भयापेक्षा अधिक आधुनिक असते. इथे दिवस आणि रात्र यांची सीमारेषाच पुसली गेली आहे, वगैरे. विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतले. पुढे काहींनी ते परीक्षेत लिहिले आणि आम्ही त्याला गुणही दिले.

ते विवेचन चुकीचे होते, आणि चूक रसग्रहणाची नव्हती, संहितेची होती. आमच्यासमोर जी प्रत होती ती भ्रष्ट होती आणि तो भ्रष्टपणा आम्ही दिग्दर्शकाच्या प्रतिभेच्या खात्यावर जमा केला होता.

त्या काळातल्या फिल्मवर खऱ्याखुऱ्या रात्रीचे चित्रण करणे अत्यंत अवघड होते. म्हणून रात्रीचे प्रसंग उजेडात चित्रित करत आणि मग प्रदर्शनाच्या प्रतींना रंगाच्या द्रावणात बुडवत. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळा, पहाटेला गुलाबी. हे रंग सजावटीचे नव्हते, ते चित्रभाषेचे व्याकरण होते. निळी छटा दिसली की प्रेक्षकाने ‘रात्र’ असे वाचायचे. पुढे या प्रतींवरून कृष्णधवल प्रती निघाल्या, त्यांच्यावरून आणखी प्रती निघाल्या आणि रंग गळून गेले. ओरलॉक निळ्या रात्रीत चालत होता. आमच्या तबकडीत तो भरदुपारी चालू लागला.

यातला अनर्थ किती मोठा आहे तो पाहा. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो. त्याची शक्ती तेवढी क्षीण होते. सूर्यप्रकाशाने पिशाच नष्ट होते ही आज सर्वतोमुखी झालेली कल्पना ‘नोस्फेरातू’नेच रूढ केली. एलेन त्या काउंटला पहाटेपर्यंत स्वतःपाशी अडकवून ठेवते आणि सूर्योदय होताच तो विरून जातो, हा चित्रपटाचा कळस. आता ज्या प्रतीत तोच काउंट लख्ख उन्हात रस्त्यावरून चालत आलेला आहे, त्या प्रतीत या शेवटाला काय अर्थ उरतो? कादंबरीपासून चित्रपटाने जे नेमके अंतर घेतले, म्हणजे माध्यमांतराच्या तासाला जो मुद्दा शिकवायला हवा होता, तोच आमच्या प्रतीने पुसून टाकला होता.

‘नोस्फेरातू’चा इतिहास हा मुळातच प्रतींचा इतिहास आहे. निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरीही चित्रपट वाचला, कारण काही प्रती तोवर परदेशी गेलेल्या होत्या. पण वाचताना तो बदलला. इंग्रजी पाट्या असलेल्या कित्येक प्रतींत ओरलॉकचा ड्रॅक्युला झाला, हुटरचा हार्कर, एलेनची नीना आणि विस्बोर्ग गावाचे ब्रेमेन. आमच्या पन्नास रुपयांच्या तबकडीतही हीच नावे होती. हस्तलिखितांच्या अभ्यासात आपण ज्याला पाठभेद आणि प्रक्षेप म्हणतो ते याहून निराळे काय असते?

पुढे २००६ मध्ये मुर्नाऊ प्रतिष्ठानाने या चित्रपटाचे पुनरुद्धारित रूप पुढे आणले. ते काम लुसियानो बेरियातुआ या स्पॅनिश अभ्यासकाने केले. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये १९२२ ची रंगछटा असलेली एक फ्रेंच प्रत होती. तिचा आधार घेऊन आणि इतर प्रतींशी ताडून हा पाठ सिद्ध झाला. त्याची विदेशी डीव्हीडी आमच्या हाती यायला आणखी काही वर्षे गेली. एका नातेवाइकाने ती इंग्लंडहून आणली आणि आमच्या यंत्रावर ती चालेनाच, कारण तिकडची तबकडी दुसऱ्या विभागाची आणि भारत पाचव्या विभागात. सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारे यंत्र घ्यावे लागले. त्या रात्री ओरलॉक निळ्या रस्त्यावरून शवपेटी घेऊन आला तेव्हा आम्हांला भय वाटले खरे, पण ते त्याचे नव्हते. गेली काही वर्षे आपण काय शिकवत होतो याचे होते.

तेव्हापासून आम्ही या तबकड्या जमवतो. आज संग्रह फार मोठा नाही. एका कपाटाचे दोन कप्पे. सहकारी याला छंद म्हणतात, घरचे उधळपट्टी म्हणतात. आमचे म्हणणे असे की ही ग्रंथालयाची खरेदी आहे आणि ती व्यक्तीला करावी लागते हीच खंत आहे.

या संग्रहाने आम्हांला काय शिकवले ते दोन-तीन उदाहरणांनी सांगतो. रोबर्ट वीने यांच्या ‘डॉ. कॅलिगारी’ची (१९२०) नवी प्रत २०१४ मध्ये आली. मूळ कॅमेरा-निगेटिव्ह तिचा पाया आहे. त्यातला आरंभीचा भाग हरवलेला असल्याने तो इतर प्रतींवरून भरून काढलेला आहे. जुन्या धूसर प्रतींत वाकड्या भिंती आणि तिरक्या सावल्या केवळ ‘विचित्र’ वाटत. इथे पडद्यांवरचे कुंचल्याचे फटकारे दिसतात. सावली रंगवलेली आहे हे दिसते. हे जग कोणीतरी हाताने रंगवले आहे ही जाणीव त्या चित्रपटाच्या आशयाचाच भाग आहे, कारण शेवटी ती सारी कथा एका मनोरुग्णाने सांगितलेली निघते. धुरकट प्रतीत तो हात दिसत नाही.

दुसरे उदाहरण लॉन चेनी यांच्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’चे. १९२५ मध्ये प्रदर्शित झालेला पाठ आज केवळ घरगुती प्रदर्शनासाठी काढलेल्या सोळा मिलिमीटरच्या झिजलेल्या प्रतींवरून ज्ञात आहे. स्वच्छ, देखणी पस्तीस मिलिमीटरची प्रत उपलब्ध आहे, पण ती बोलपटाच्या आगमनानंतर नव्याने संकलित झालेल्या पाठाची आहे. म्हणजे जे सुंदर दिसते ते उत्तरकालीन आणि जे मुळाजवळचे ते ओरखड्यांनी भरलेले. चांगल्या आवृत्त्यांत हे दोन्ही पाठ शेजारीशेजारी दिलेले असतात. असा पेच ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकाला नवा नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केलेली पोथी आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत यांतले अंतर आपण वर्गात शिकवतोच की!

तिसरी बाब गतीची. मूकपट आजच्या सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने चित्रित होत नसत. वेग बहुधा कमी असे. ते आजच्या वेगाने दाखवले की माणसे तुरुतुरु पळतात आणि हसू येते. ‘नोस्फेरातू’मध्ये काउंटची घोडागाडी मुद्दाम अस्वाभाविक वेगाने पळते, ती परलोकातली गाडी आहे. पण ज्या प्रतीत सगळेच पळते आहे तिच्यात ही गाडी वेगळी कशी वाटणार? योग्य गतीचा पुनरुद्धारित पाठ सुमारे चौऱ्याण्णव मिनिटांचा आहे. विद्यार्थी हसले ते मुर्नाऊंना हसले नाहीत, आमच्या तबकडीला हसले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की पुनरुद्धार म्हणजे तरी शेवटी कोणाचा तरी अन्वयार्थच. हे आम्हांला मान्य आहे. हान्स एर्डमान यांनी ‘नोस्फेरातू’साठी रचलेले मूळ संगीत संपूर्ण उपलब्ध नाही; आज ऐकू येते ते बेर्न्ट हेलर यांनी उपलब्ध सामग्रीवरून पुन्हा बांधलेले आहे. दुसऱ्या आवृत्तीत जेम्स बर्नार्ड यांचे नव्वदच्या दशकातले संगीत आहे. हेच बर्नार्ड १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’चेही संगीतकार. दोन संगीतांनी दोन वेगळे चित्रपट होतात. शिवाय अतिरेकाचा धोकाही आहेच. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासतात आणि गाभाऱ्यात न्हाणीघराच्या फरशा बसवतात; संगणकावर जुन्या फितीचा कण न् कण घासून गुळगुळीत करणारेही त्याच पंथातले. परंतु यावरचा उपाय पुनरुद्धार नाकारणे हा नव्हे. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाही सुकथनकरादी संपादकांचा निवाडाच होता. तिची थोरवी अशी की तिने पाठभेद तळटीपांत ठेवले आणि वाचकाला निवाडा तपासण्याची सोय दिली. चांगली तबकडी हेच करते. कोणत्या प्रतीवरून काय घेतले हे तिच्या सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. हे सारे चित्रपट आंतरजालावर फुकट मिळतात, मग पैसे कशाला घालवायचे? मिळतात हे खरे, पण जे सहज समोर येते ते पुष्कळदा जुन्या झिजलेल्या प्रतींचेच वंशज असते, आणि कोणती प्रत, कोणती गती, कोणाचे संगीत, याचा उल्लेख क्वचितच असतो. सशुल्क वाहिन्यांवर चांगला पाठ येतोही, पण तो आज असतो आणि पुढच्या सत्रात नसतो. ज्या ग्रंथाची आवृत्ती ठाऊक नाही आणि जो उद्या फडताळातून नाहीसा होऊ शकतो, त्याच्यावर अभ्यासक्रम कसा उभा करायचा?

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. संग्रह हा लोभाचाही प्रकार असतो. एडिसन यांच्या कंपनीचा १९१० चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचा चित्रपट अनेक वर्षे नष्ट झाला असे मानले जाई. त्याची एक प्रत अमेरिकेतल्या एका खासगी संग्राहकाकडे होती. तो नसता तर चित्रपट उरला नसता; आणि तो होता म्हणूनच कित्येक वर्षे तो जगाला नीट पाहता आला नाही. संग्राहकाच्या मृत्यूनंतर ती प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली आणि २०१८ मध्ये तिचा पुनरुद्धारित पाठ सर्वांसाठी खुला झाला. राखणारा आणि अडवणारा एकच माणूस असू शकतो. म्हणून आमच्या दोन कप्प्यांना कुलूप नाही. विद्यार्थी तबकड्या घरी नेतात, दोन परत आलेल्या नाहीत, आणि त्याचे आम्हांला दुःख आहे हेही लपवत नाही.

हा सारा परक्या चित्रपटांचा प्रपंच कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या मूकपटांची अवस्था पाहा. भारतात तयार झालेल्या शेकडो मूकपटांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आज पाहता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, ज्याची स्थापना १९६४ ची, फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे, आणि ती रिळे १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून आपण वर्गात जे दाखवतो तो कोणता पाठ आहे, हा प्रश्न आपल्यातल्या किती जणांनी विचारला? ओरलॉकच्या निळ्या रात्रीने आम्हांला तो विचारायला लावला, एवढे तिचे ऋण आहे.

आमची सूचना साधी आहे. मराठीचा शिक्षक तुकोबांचा अभंग देताना कोणत्या गाथेतला ते सांगतो. चित्रपट दाखवतानाही फळ्यावर तेवढे लिहावे : कोणती प्रत, कोणत्या वर्षीचा पुनरुद्धार, किती मिनिटे, संगीत कोणाचे. आणि महाविद्यालयांनी दरवर्षी चार-दोन चांगल्या तबकड्या ग्रंथालयाच्या खर्चात घ्याव्यात. आम्ही तसा अर्ज दोनदा केला आहे. ‘मनोरंजनपर साहित्यास मंजुरी नाही’ असा शेरा दोन्ही वेळा आला. तिसरा अर्ज या आठवड्यात देऊ.

मागच्या सत्रात नव्या वर्गाला आम्ही पुनरुद्धारित ‘नोस्फेरातू’ दाखवला आणि आमच्या जुन्या चुकीची गोष्टही सांगितली. काउंट रस्त्यावरून गेला तेव्हा कोणी हसले नाही. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मग तुम्ही आधी ज्यांना शिकवलंत, त्यांना हे कळवलंत का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते विद्यार्थी आता कुठे कुठे आहेत. काही जण स्वतःच शिक्षक झाले आहेत, आणि कदाचित भरदुपारच्या भयाचे ते विवेचन पुढच्या पिढीला देत असतील. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा लेख पडला तर त्यांनी आपल्या वहीतले ते पान खोडावे. तेव्हा रात्र होती.