शूर होता हो, पण पाठवलं कोणी?

परवा भाच्याने इंग्लंडहून फोटो पाठवला. केंटमधल्या गिलिंगहॅमची वुडलँड्स दफनभूमी आणि तिथली लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड यांची कबर. ब्रिटिश आरमाराचा वैमानिक, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा, याला म्हणतात शौर्य!"

शौर्याबद्दल वाद नाहीच. माझा राग आहे तो "शौर्य" म्हणून हात जोडायचे आणि पुढचं काही विचारायचंच नाही, या सवयीवर.

१२ फेब्रुवारी १९४२. तीन मोठ्या जर्मन युद्धनौका आदल्या रात्री फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरातून निघाल्या आणि इंग्लिश खाडीतून, चक्क इंग्रजांच्या नाकासमोरून मायदेशी चालल्या. जवळजवळ बारा तास कुणाला पत्ता नाही! टेहळणीच्या विमानांची रडार नेमकी त्या रात्री बिघडलेली. सकाळी ज्या वैमानिकांना जहाजं दिसली, त्यांनी वायरलेसवर बोलायचं नाही हा नियम पाळला आणि विमान उतरवल्यावर मग सांगितलं. नियम म्हणजे नियम!

एस्मंडची तयारी रात्रीच्या हल्ल्याची होती. त्यांची स्वोर्डफिश विमानं दुपंखी, कापडाने मढवलेली, वरून उघडी. पोटाखाली टॉर्पेडो बांधला की ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे आज हमरस्त्यावर मोटारी जातात जवळपास तसा वेग. अशी सहा विमानं भरदुपारी पाठवली. संरक्षणाला लढाऊ विमानांच्या पाच तुकड्या येणार होत्या. वेळेवर आली दहा स्पिटफायर. एस्मंड थांबले नाहीत, कारण थांबले असते तर जहाजं निसटली असती.

सहाही विमानं पडली. एकही टॉर्पेडो लागला नाही. अठरा जणांपैकी पाच वाचले, तेही समुद्रातून उपसून काढलेले. एस्मंड तेव्हा बत्तीस वर्षांचे. आदल्याच दिवशी राजवाड्यात जाऊन बिस्मार्कवरच्या हल्ल्याबद्दलचं पदक घेऊन आले होते. त्यांचा देह सापडला एप्रिलच्या अखेरीस.

त्यांच्यासोबत मेलेल्या बारा जणांची नावं भाच्याला ठाऊक नाहीत. मलाही शोधावी लागली. ज्यांचे देह समुद्राने परत दिले नाहीत, अशा आरमारी वैमानिकांची नावं ली-ऑन-द-सोलंटच्या स्मारकावर आहेत. तिथले फोटो कोण पाठवतो?

चौकशी झाली, नाही असं नाही. न्यायमूर्ती बकनिल यांच्या समितीने महिन्याभरात अहवाल दिला. तो लोकांसमोर आला १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. पदक मात्र महिना उलटायच्या आत जाहीर झालं होतं. कौतुक तातडीने, हिशोब सवडीने. आपल्याकडे तरी काय वेगळं असतं म्हणा. असो.

"मामा, युद्धात असं होतंच," असं भाचा म्हणणार, ठाऊक आहे मला. होतं ना. पण चूक करणाऱ्याने स्वतःच मेलेल्याच्या गळ्यात हार घातला की लोक चूक विसरतात, हेही होतं.

त्याला मी उलट एवढंच विचारलं, "त्या पाच तुकड्या कुठे अडकल्या होत्या रे?"

अजून उत्तर नाही. कामात असेल.