पूल उभा राहिला, नावे फुटली

बोस्नियातील मोस्तार शहराचा 1566 मधील उस्मानी पूल 9 नोव्हेंबर 1993 रोजी क्रोएट फौजांच्या तोफमाऱ्यात कोसळला. जगाच्या मदतीने 2004 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. त्याच शहरात 1965 मध्ये, युगोस्लाव्हियाच्या साम्यवादी राजवटीत, फॅसिझमविरुद्ध लढून मेलेल्या सैनिकांचे भव्य स्मारक बांधले गेले. बोग्दान बोग्दानोविच यांच्या या रचनेत मुस्लिम, क्रोएट, सर्ब यांची नावे शेजारीशेजारी होती. नामशिळेवर धर्माची खूण नव्हती. जून 2022 मध्ये बहुतेक सर्व नामशिळा फोडल्या गेल्या. तेव्हा युद्ध संपून 27 वर्षे झाली होती. फुटीच्या राजकारणाला पुलाची अडचण होत नाही. तिथे पर्यटक येतात. अडचण होते ती आजोबा एकत्र लढल्याच्या पुराव्याची.