आमच्या घरची शाहीरबाई



गेल्या दिवाळीपासून दर रविवारी दुपारी तीन ते सहा मी शाहीर असते. हातात डफ, कमरेला खंजीर आणि थैलीत जेमतेम तीन चांदीची नाणी. उरलेला आठवडा बँकेत कर्जाच्या फायली बघते.

हा सगळा प्रताप 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत १९७४ साली काढला. कॅरमसारखा यात कोणी जिंकत नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो : समोर मोडका पूल आहे, पलीकडे सहा गॉब्लिन, म्हणजे बुटके, कुरूप राक्षस, दबा धरून बसलेत. बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. आमच्याकडे सूत्रधार माझी मुलगी. पुतण्या योद्धा, शेजारची गुजराती भावंडं जादूगार आणि चोर. माझ्या वाट्याला आला बार्ड, म्हणजे भाट, शाहीर. सासूबाई झोपाळ्यावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतात.

या बार्डची कथा मोठी गमतीची आहे. सुरुवातीच्या खेळात तो नव्हताच. १९७६ साली 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या वार्तापत्रातून तो आला. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याची जागा परिशिष्टात, आणि तीही अटींवर : आधी योद्धा व्हा, मग चोर व्हा, मग ड्रुइडांकडे शिका, तेव्हा कुठे बार्ड! आम्ही खेळतो त्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र पहिल्या दिवसापासून बार्ड होता येतं. तलवार त्याला चालवता येते, थोडी जादूही येते. पण त्याची खरी मिळकत म्हणजे शब्द. त्यातली दोन हत्यारं मला फार आवडली.

पहिलं हत्यार टोमण्याचं. समोरच्याला असं काही लागट बोलायचं की त्याला थोडी इजा होते आणि त्याचा पुढचा वार डळमळतो. नियमात एक सुंदर सवलत आहे : शत्रूला ऐकू आलं पाहिजे, समजलं नाही तरी चालतं. म्हणजे मराठीला पूर्ण मुभा! पहिल्याच दिवशी मी एका गॉब्लिनला म्हटलं, "अरे अकलेच्या कांद्या, हातात तलवार आहे की उलथनं?" झोपाळा थांबला. "एवढंच?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जे सुरू केलं ते छापण्याजोगं नाही. तेव्हापासून रविवारी सकाळी मुलं आजीकडे शिकवणीला बसतात. शेजारची मुलगी आता घरी भावाला 'उंटावरचा शहाणा' म्हणते, तेही अगदी योग्य जागी. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या आमच्या घरात मुलांचं मराठी 'जेवायला चला' आणि 'दार लाव' इतपतच उरलं होतं. त्याला अशी धार येईल असं कोणाला वाटलं होतं!

दुसरं हत्यार शाबासकीचं. बार्ड आपल्या साथीदाराला धीर देतो आणि सहा पैलूंचा एक जादा फासा त्याच्या हवाली करतो. पुढच्या दहा मिनिटांत एखादी कसोटी, वार किंवा बचाव करताना तो फासा टाकून आकडा वाढवता येतो. हा फासा बार्डला स्वतःसाठी वापरता येत नाही. दहा मिनिटांत वापरला नाही तर वाया जातो.

सूत्रधारबाईंनी यात घरचा एक नियम घातला : नुसतं 'शाब्बास' चालणार नाही. त्या माणसाने खरोखर काय केलं ते सांगितलं, तरच फासा मिळेल.

आता हे आपल्या माणसांना किती अवघड जातं बघा! टोमण्यात आपण जन्मजात तरबेज. तोंडावर कौतुक करायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. नजर लागेल, पोर शेफारेल, अशा शंभर शंका. पंच्याण्णव टक्के मिळाले तरी 'उरलेले पाच कुठे सांडले?' हे ठरलेलं.

माझ्या पुतण्याचं यंदा दहावीचं वर्ष होतं आणि मार्क अपेक्षेपेक्षा कमी पडले. महिनाभर नातेवाइकांचे फोन येत होते, आणि प्रत्येक फोनमध्ये एक टोमणा. त्या रविवारी तो आला, पण गप्प होता. खेळात त्याला त्या मोडक्या पुलावर एकट्याने तग धरायचा होता. पंधरा हवे होते. मी डफ उचलला. "मागच्या खेपेला सगळे पळाले," मी म्हटलं, "तेव्हा तू परत फिरलास. खजिन्यासाठी नाही, आपलं गाढव मागे राहिलं होतं म्हणून. असा माणूस पुलावर असला की मला मागे वळून बघावं लागत नाही." त्याने फासा टाकला. सगळं धरून बारा. मग माझा फासा टाकला. पाच. सतरा झाले, पूल टिकला आणि पोरांनी घर डोक्यावर घेतलं. निघताना चपला घालताघालता तो हळूच म्हणाला, "काकू, गाढवाचं तुमच्या लक्षात होतं?"

कौतुकाचा आणि निंदेचा हा जोडधंदा फार जुना आहे. आयर्लंडच्या जुन्या कथांत कवीच्या निंदेने राजाच्या तोंडावर फोड उठतात. गुजरातेत चारण-भाटांचा शब्द करारांना जामीन म्हणून चालत असे. मराठीतल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा मोजतात. आणि शाहीर कितीही पहाडी आवाजाचा असला, तरी मागे झील धरणारे झीलकरी लागतातच. बार्ड मला त्या झीलकऱ्यांच्या जवळचा वाटतो. वार दुसऱ्याचा, विजय दुसऱ्याचा, आपण फक्त सूर पडू द्यायचा नाही.

तुम्हालाही खेळून बघायचं असेल तर खर्च फारसा नाही. मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, फासे मोबाइलवरही टाकता येतात. चार-पाच माणसं, दोन-तीन तास आणि मध्ये खायला सेव-उसळ, एवढं पुरतं. आजी-आजोबांना जवळ बसवा, शब्दांचा साठा त्यांच्याकडेच आहे.

आपापल्या घरचे खास टोमणे मला जरूर कळवा, सासूबाई वाट बघताहेत. फक्त आमच्या सूत्रधारबाईंची अट आहे : प्रत्येक टोमण्याबरोबर घरातल्या कोणाचं तरी एक कौतुक लिहायचं, आणि पाठवण्याआधी ते त्या माणसाला वाचून दाखवायचं.