शास्त्रवाचन: नेमाचें कीं सोयीचें?

ख्रिस्ती घरांत वाढलेल्या बहुतेक मुलांना पवित्र शास्त्राचा परिचय अक्षरओळख होण्यापूर्वींच होतो. दाविदाची गोफण, योनाचा मासा, उधळ्या पुत्राचें परत येणें, ह्या गोष्टी त्यांनीं आजीजवळ बसून ऐकलेल्या असतात. पुढें शाळेंत शास्त्राचा तास येतो, वचनें पाठ होतात, गुण मिळतात. आणि शास्त्र आपल्याला येतें असा समज होऊन बसतो. आमच्या मतें हा समज नास्तिकाच्या आक्षेपापेक्षांही अधिक हानिकारक आहे. आक्षेप ऐकून मनुष्य ग्रंथ उघडून तरी पाहतो. ज्याला तो येतो असें वाटतें, तो उघडीतच नाहीं.

हल्लीं एक नवी सोय झाली आहे. रोज सकाळीं भ्रमणध्वनीवर कोणी तरी एक वचन पाठवितो, मागें उगवत्या सूर्याचें चित्र असतें, आपण हात जोडल्याची खूण परत पाठवितों, आणि दिवसाचें शास्त्रवाचन आटोपलें असें मानतों. पाठविणाराचा हेतु चांगला असतो, ह्यांत शंका नाहीं. पण यिर्मयाच्या २९ व्या अध्यायांतील ११ वें वचनच घ्या. देवाच्या मनांत आपल्या लोकांविषयीं हिताचे संकल्प आहेत, असा त्याचा आशय. परीक्षेच्या दिवसांत तें फार फिरतें. आतां तोच अध्याय आरंभापासून वाचा. तें एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलास धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानें तें धाडिलें. लवकरच सुटका होईल असें सांगणारे संदेष्टे त्यांच्यांत होते. यिर्मया त्यांना खोटे ठरवितो. घरें बांधा, बागा लावा, मुलांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत तुम्हांला नेलें आहे त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा, असें तो कळवितो. सुटकेला ७० वर्षें लागतील, हें तर लगेच आधींच्या वचनांत आहे! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकीं बहुतेकांना तो दिवस दिसणार नव्हता. उद्यांच्या निकालाची हमी ह्यांत कोठें आहे? ह्यांत आहे तें दीर्घ काळ धीर धरण्याचें शिक्षण, आणि शत्रूच्या नगराचेंही भलें चिंतण्याची आज्ञा. सुट्या वचनावर भिस्त ठेवणाऱ्या मुलाला मात्र, निकाल मनाजोगता न लागल्यास, देवानेंच शब्द मोडला असें वाटतें. असें दूर गेलेलें मन परत आणणें सोपें नसतें.

आमच्याच प्रांतांतील थोरांचें वाचन ह्याहून निराळें होतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांना आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें नवा करार दिला. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून त्यांनीं तो वाचावयास घेतला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं ते खिळून राहिले. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंनीं तर आयुष्याचीं अखेरचीं कित्येक वर्षें इब्री व ग्रीक मूळावरून संपूर्ण शास्त्र साध्या मराठींत उतरविण्यांत वेंचलीं, तीं अल्पशिक्षित बाईलाही तें समजावें म्हणून. १९२२ सालीं त्या निवर्तल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. इतक्या श्रमानें हातीं आलेला ग्रंथ आपण कपाटांत नीट झांकून ठेवितों.

वाचावें किती? शास्त्राचे अध्याय ११८९. रोज तीन व रविवारीं पांच वाचल्यास वर्षांत ग्रंथ पुरा होतो, असा हिशेब जुनीं माणसें सांगतात. हिशेब बरोबर आहे. पण शर्यतीप्रमाणें वाचून वंशावळी ओलांडण्यापेक्षां विद्यार्थ्यानें मार्काचें शुभवर्तमान घ्यावें, हें आम्हांस बरें वाटतें. त्याचे अध्याय सोळाच. रोज अर्धा घेतला तर महिन्याभरांत संपतें. जें कळत नाहीं तें वहींत लिहावें व रविवारीं पाळकांना विचारावें. ह्यांत उद्धटपणा नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायांत बिरुयाच्या लोकांची प्रशंसा आहे, ती प्रत्यक्ष पौलाचें म्हणणें खरें कीं खोटें हें ते दररोज शास्त्रांत पडताळून पाहत म्हणूनच.