तापीत क्रेफिश आलेला नाही, वाट मात्र मोकळी आहे

पावसाळा ओसरून हतनूरचे ४१ दरवाजे बंद झाले की वरणगाव-भुसावळकडची गळ टाकणारी मंडळी धरणाच्या फुगवट्याकडे निघतात. गांडूळ किंवा कणकेचा गोळा, एक काठी आणि भरपूर सवड. नशिबाने मरळ किंवा वाम लागली तर दिवस सार्थकी.

इंग्लंडमधल्या नद्यांवरही अशीच हौशी मंडळी बसतात. पण तिथे अनेक ठिकाणी गळ तळाला टेकला की काही मिनिटांत आमिष गायब होते, आणि ते मासा नेत नाही, क्रेफिश नेतो.

हा क्रेफिश कोण?

झिंग्यासारखे शेपूट आणि खेकड्यासारख्या नांग्या असलेला गोड्या पाण्यातला प्राणी. आपल्याकडचा झिंगा किंवा खेकडा म्हणजे क्रेफिश नव्हे. भारतात त्याची मूळ जात एकही नाही. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात अमेरिकेतला ‘सिग्नल क्रेफिश’ शेततळ्यांत वाढवून विकण्यासाठी आणला गेला. तो तळ्यांतून निसटून नदीत गेला. त्याच्यासोबत आलेल्या बुरशीजन्य रोगाने तिथला मूळ क्रेफिश मोठ्या प्रमाणावर संपला. पाहुण्याला मात्र त्या रोगाचे फारसे काही होत नाही.

तो माशांची अंडी खातो, पाणवनस्पती कापून टाकतो आणि काठात बिळे पाडतो. गळवाल्यांचे नुकसान आमिषापुरते नाही. अंडीच उरली नाहीत, पिलांना लपायला वनस्पती राहिल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी गळाला लागणार काय? अमेरिकेतल्याच लाल क्रेफिशची कथाही अशीच. तो १९७० मध्ये केनियातल्या नैवाशा तलावात, तर १९७३ मध्ये स्पेनमध्ये पोहोचला. पाणी आटले तर तो बिळात तग धरतो आणि ओल असेल तर जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठतो. कालव्यांच्या आणि मातीच्या बांधांच्या आपल्या भागाने हे विशेष लक्षात घ्यावे. हतनूरच्या कालव्यावर यावल-चोपड्याकडची शेती उभी आहे.

युरोपीय संघाने २०१६ मध्ये घातक परकीय प्रजातींच्या पहिल्याच यादीत क्रेफिशच्या पाच जाती टाकल्या. त्यातला एक, संगमरवरी क्रेफिश, १९९०च्या दशकात जर्मनीत शोभेच्या माशांच्या बाजारात पहिल्यांदा लक्षात आला. त्याला नर लागत नाही. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे नदीत एक सुटला तरी पुरे.

मग आपल्याला काय त्याचे?

रंगीत क्रेफिश शोभेचा प्राणी म्हणून आपल्या देशातही विकला जातो. काचेच्या पेटीतून नदीत जायला त्याला किती वेळ लागेल, याचे उत्तर उजनीने देऊन ठेवले आहे. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा घरोघरच्या पेट्यांत काचेवरचे शेवाळ खायला ठेवला जातो. तोच आता भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या अंगावर चिलखत आणि परांना काटे असल्याने जाळे फाटते, आणि बाजारात त्याला कुत्रेही विचारत नाही. हा मासासुद्धा अंडी घालायला काठात बिळे पाडतो.

थाई मांगूर हे दुसरे उदाहरण. नाव थाई असले तरी हा मासा मूळचा आफ्रिकेचा, आणि लहान मासे फस्त करणारा. केंद्राने २००० मध्ये त्याच्यावर बंदी घातली. तरीही चोरून पाळणे इतके चालू राहिले की राष्ट्रीय हरित लवादाला लक्ष घालावे लागले आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला साठे नष्ट करत फिरावे लागले.

प्रत्येक परका मासा शत्रू असतो असे मात्र नाही. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला. उजनीकाठी त्याला चिलापी म्हणतात आणि त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. तापीवरच खाली उकाईतही त्याने बस्तान बसवले आहे. सायप्रिनसची बोटुकली तर सरकारी केंद्रांतूनच तळ्यांत सोडली गेली. पण तिलापियाने पोट भरते म्हणून त्याने किती देशी माशांची जागा घेतली, हा हिशेब कोणी मागायचाच नाही का?

आपल्या भागाची एक गोष्ट बाहेरच्यांना सुचणार नाही. भुसावळ रेल्वेचे, वरणगाव आयुध निर्माणीचे, शेजारी दीपनगर औष्णिक केंद्राचे. इथे बदल्या नित्याच्या. सामान ट्रकमध्ये चढते, पण माशांच्या पेटीचे काय करायचे? मारवत नाही, कोणी घेत नाही, म्हणून नदीत सोडतात. त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, उलट जीवदान दिल्याचे समाधानच असते.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने परकीय घातक प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. क्रेफिशसाठी तो आताच, एकही प्राणी तापीत दिसण्याआधी, वापरायला हवा. तळ्यात पसरलेला क्रेफिश पिंजरे लावून संपवण्याचे प्रयोग युरोपात पुष्कळ झाले. मोठे क्रेफिश पकडले जातात, लहान निसटतात आणि पुन्हा वाढतात.

तोवर जिल्ह्यातही करण्यासारखे बरेच आहे. शोभेच्या माशांच्या दुकानदारांनी नको असलेले प्राणी परत घ्यावेत आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाने त्यांना तसे सांगावे. हतनूरच्या काठावर एक फलक लावून त्यावर व्हॉट्सअॅप क्रमांक द्यावा. अनोळखी जीव पहिल्यांदा कार्यालयात दिसत नाही. तो दिसतो भोई बांधवांच्या जाळ्यात आणि रविवारी गळ टाकून बसलेल्याच्या काठीला. त्याने फोटो काढून पाठवावा आणि तो जीव पुन्हा पाण्यात सोडू नये.