रुग्ण वाचला, पुढे उठून चालेल का?

अतिदक्षता विभागात रुग्ण दाखल झाला की अपाची आणि सोफा गुणांक आपण नेमाने मांडतो. त्यांतून आजाराची तीव्रता आणि जिवाचा धोका कळतो. वाचलेला रुग्ण दोन महिन्यांनी स्वतःची आंघोळ स्वतः करील का, जिना चढेल का, हे मात्र कळत नाही. आणि नातेवाईक तर नेमके हेच विचारतात.

टोरांटोच्या मार्गारेट हेरिज आणि सहकाऱ्यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या 109 रुग्णांचा पाठपुरावा 2003 मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभरात फुप्फुसे बरीच सावरली होती. तरीही सहा मिनिटांच्या चालण्यात मध्यक अंतर अपेक्षेच्या 66 टक्केच भरले आणि जेमतेम निम्मे रुग्ण कामावर परतले. शक्ती गेली होती ती स्नायूंची. लंडनमधील रुग्णांवरच्या 2013 च्या अभ्यासात दहाव्या दिवसापर्यंत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सुमारे 18 टक्क्यांनी घटलेला आढळला.

हे नुकसान कोणाला जास्त भोगावे लागेल, याचा अंदाज बांधायला महागडे यंत्र लागत नाही. स्वीडनमधील 148 रुग्णांच्या 2014 च्या अभ्यासात चार खुणा पुढे आल्या: कमी शिक्षण, धड सावरून बसता न येणे, अस्थिभंग आणि विभागात दोन दिवसांहून अधिक मुक्काम. अभ्यास एकाच रुग्णालयातला होता, म्हणून या खुणांवर पूर्ण विसंबता येत नाही. 2019 मध्ये अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेनेही खात्रीने भाकीत करणारे एकही साधन नसल्याचेच नोंदवले. म्हणून घरी गेल्यावर दोन ते चार आठवड्यांत तपासणी सुरू करून ती पुन्हापुन्हा करावी, असे सुचवले.

आपल्या विभागांत तीन नोंदी आजपासून सुरू करता येतील. दाखल करतानाच नातेवाइकांना विचारावे: आजारापूर्वी रुग्ण कोणती कामे आधाराशिवाय करत होता? वॉर्डात हलवताना बारा स्नायूगटांची एमआरसी चाचणी करावी. 60 पैकी 48 हून कमी गुण म्हणजे लक्षणीय अशक्तपणा. त्याच वेळी रुग्ण टेकू न घेता बसतो का, हेही लिहावे. तिसरी नोंद पहिल्या फेरतपासणीची. तेथे बार्थेल निर्देशांकाच्या दहा बाबींना आणखी दोन जोडाव्यात: जमिनीवर बसून उठणे आणि भारतीय शौचालय वापरणे. आपल्या कितीतरी रुग्णांचे स्वावलंबन यांवरच ठरते.

शिक्षण कमी असलेल्या रुग्णाला धोका अधिक असेल, तर व्यायामाचा छापील कागद हातात देऊन भागणार नाही. घरच्या माणसाकडून ते व्यायाम आपल्यासमोर करवून घ्यावे लागतील.

एक धोका मात्र आहे. ‘फारसे सुधारणार नाहीत’ असा शिक्का बसला, की उपचारांचा हात आखडतो. भाकिताचा असा वापर आपण होऊ देता कामा नये. ज्याचा धोका मोठा, त्याच्याकडे फिजिओथेरपिस्टने आधी आणि अधिक वेळा जावे. अंदाज बांधायचा तो एवढ्यासाठीच.